बॅगेपाशी कोण बसणार?

आठ दिवसांच्या प्रवासापेक्षा एका दिवसाच्या सहलीची बॅग भरणं अवघड असतं, यावर आमच्या घरात एकमत आहे. आठ दिवस जायचं तर माणूस देवावर हवाला ठेवतो. राहिलं काही तर तिथे घेऊ, म्हणतो. एका दिवसासाठी जाताना मात्र काहीच राहून चालत नाही. विकत घ्यायला वेळ नसतो, आणि तिथे जे मिळतं त्याची किंमत ऐकून आईला घाम फुटतो. मग तो घाम पुसायला नॅपकीन लागतो, म्हणजे तोही घ्यायला हवा.

त्यातून आमची सहल राइडच्या उद्यानाची, आणि ते उद्यान एकाच तिकिटात कोरडंही होतं आणि ओलंही. अर्धा दिवस उलटंपालटं व्हायचं, अर्धा दिवस पाण्यात पडायचं. मुंबई-पुणे रस्त्याच्या आजूबाजूला आता अशी बरीच उद्यानं झालीत. आम्ही नेमके कुठल्या उद्यानात गेलो ते सांगत नाही, कारण तिथल्या वॉचमनने माझ्या आईशी जो चांगुलपणा दाखवला त्यापायी त्याची नोकरी जावी असं मला वाटत नाही.

आमच्या लहानपणी असा प्रश्न नव्हता. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड निघालं आणि पुढे कितीतरी वर्षं मुंबई-ठाण्याकडच्या शाळांची सहल म्हणजे तेच. बोटीत बसून खाडी ओलांडायची, दिवसभर हुंदडायचं, परत बोटीत बसून यायचं. सामान म्हणजे एक डबा आणि गळ्यात अडकवलेली पाण्याची बाटली. बाटलीतलं पाणी बोटीत पाय ठेवायच्या आतच संपलेलं असे आणि डबा बोटीत. उरलेला दिवस आम्ही कशावर काढला हे मला आजही आठवत नाही, पण कुणी दगावल्याचं ऐकिवात नाही. ते एस्सेलवर्ल्ड २०२२ साली बंद झालं. आता मुलांना न्यायचं तर गाडीने न्यायचं, आणि गाडी म्हटली की डिकी आली, आणि डिकी म्हटली की आई म्हणते, "मग काय, जागा तर आहे."

बॅग म्हणजे माझी ऑफिसची जुनी सॅक. तिची मोठी चेन अर्ध्यावर अडकते. अडकली की दात्यांवर मेणबत्तीचं टोक घासायचं, एकाने दोन्ही कडा चिमटीत धरायच्या आणि दुसऱ्याने गणपतीचं नाव घेऊन ओढायची. आदल्या रात्री जेवणं झाल्यावर ती दिवाणावर उघडून ठेवली आणि घरातल्या सगळ्यांनी आपापलं 'थोडंसंच' आणून तिच्याभोवती मांडायला सुरुवात केली.

हिचं म्हणणं असं की सहा माणसांत एक लहान सॅक पुरते. ही ऑडिटमध्ये आहे. तिच्यापुढे कुठलीही वस्तू ठेवली की ती "हे कशासाठी?" असं विचारते आणि उत्तर येईपर्यंत त्या वस्तूकडे बघत राहते. त्या नजरेपुढे भल्याभल्या कंपन्यांची व्हाउचरं टिकलेली नाहीत, तिथे माझी टॉर्च काय टिकणार?

"दिवसाढवळ्या टॉर्च?"

"काही राइड अंधारात असतात."

"त्या अंधारातच बघायच्या असतात."

टॉर्च गेली. पुढचा विषय पाण्याचा निघाला. पाण्याची गंमत अशी की ते घरात असेपर्यंत हलकं असतं. एक लिटर म्हणजे एक किलो. सहा माणसांना प्रत्येकी दोन बाटल्या म्हटलं तर बारा किलो नुसतं पाणीच झालं. हिने सुचवलं की आत पिण्याच्या पाण्याचे नळ असतातच, तेव्हा रिकाम्या बाटल्या न्याव्यात. यावर मी इतिहास काढला. १७ जुलै १९५५ या दिवशी कॅलिफोर्नियात अनाहाइमला पहिलं डिस्नेलँड उघडलं, तेव्हा प्लंबरांचा संप झालेला होता. सगळी कामं पुरी होईनात, तेव्हा वॉल्ट डिस्नेपुढे प्रश्न पडला की संडास चालू करायचे की पिण्याचे नळ. त्याने संडास निवडले. उन्हाने डांबर इतकं मऊ झालं होतं की बायकांच्या चपलांच्या टाचा त्यात रुतत होत्या, आणि प्यायला नळ नाहीत! जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या उद्यानाची ही कथा, मग आपल्याकडे कुणाच्या भरवशावर रिकाम्या बाटल्या न्यायच्या?

ही म्हणाली, "त्याला सत्तर वर्षं झाली. प्लंबर कामावर आले असतील."

आई मात्र हळहळली. "संडास निवडले ते बरोबरच केलं हो त्याने," म्हणाली आणि दोन भरलेल्या बाटल्या तिने गुपचूप बॅगेच्या बाजूच्या जाळीत खुपसल्या.

लेक पंधरा वर्षांची. तिच्या सामानाला हिशेब नाही, फक्त कारणं आहेत. एक टॉप घालायला, एक ओला झाला तर बदलायला, आणि एक फोटोंसाठी, कारण पहिल्या टॉपमधले फोटो गाडीतच काढून होणार होते. शिवाय पॉवर बँक, तिची वायर, त्या वायरीची वायर, गळ्यात अडकवायचा पंखा आणि सनस्क्रीन. सनस्क्रीनवरून मायलेकींची जुंपली. घरात एसपीएफ ३० ची अर्धी ट्यूब होती, लेकीला ५० ची नवी हवी होती. मी मध्यस्थी करायला गेलो. ३० वालं सुमारे ९७ टक्के किरण अडवतं आणि ५० वालं ९८, म्हणजे भांडण एका टक्क्याचं आहे, असं मी सांगितलं. लेक म्हणाली, "दहावीत एक टक्का कमी पडला तर चालेल का तुला?" दोन्ही ट्यूब बॅगेत गेल्या. कुठलीही लावली तरी दर दोन तासांनी पुन्हा लावायची असते, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर तर लगेच, हे त्या दोघींनाही माहीत होतं. पण तेवढी ट्यूब उन्हाळाभर पुरली असती.

चिरंजीव आठ वर्षांचे. त्यांचं सामान सगळ्यात कमी, पण सगळ्यात कपटी. पोहण्याचा चष्मा, एक प्लॅस्टिकचा डायनोसॉर आणि माझे मोजे. खेळायचे, जाड, दोन जोड. मोजे कशाला, तर मोठ्या राइडना उंचीची अट असते. दाराशी रंगवलेली पट्टी असते, तिच्याखाली डोकं राहिलं की परत पाठवतात. चिरंजीव दोन बोटं कमी पडत होते आणि ती दोन बोटं ते बुटात माझे मोजे कोंबून भरून काढणार होते. हिने विचारलं, "हे कशासाठी?" तर पोरगं म्हणालं, "थंडीसाठी." मे महिना होता. पण पोराच्या जिद्दीचं मला कौतुक वाटलं. उंचावर जाण्यासाठी माणूस इतका धडपडू शकतो हे मला नवीन होतं.

मग ओलं खातं. पाण्याच्या बाजूला नायलॉन किंवा लायक्राचेच कपडे चालतात. सुती कपड्याचे धागे सुटून पाणी गाळणाऱ्या यंत्रात जाऊन बसतात, आणि लोंबतं काही असेल तर घसरगुंडीत अडकून अपघात होतो, म्हणून हा नियम. नियम शहाणपणाचा आहे, पण आमच्या घरात नायलॉनचं म्हणून काही असेल तर ती वाळत घालायची दोरी. सगळ्यांचे पोशाख नवे आणावे लागले. माझा दुकानात नीट बसला होता, घरी येऊन तो आखडला. आईला ओला पोशाख घालायचा नव्हता, ती कडेला बसणार होती. पण नुसत्या शिंतोड्यांचीही तिने तजवीज केली. तिने पंचा काढला. लाल काठाचा, धुऊन धुऊन विरलेला, पलीकडचं दिसेल असा. हिने चार टर्किश टॉवेल काढले होते. आई म्हणाली, "अगं, हे चार ओले झाले की हत्ती उचलावा लागेल. माझा पंचा पिळला की अर्ध्या तासात सुकतो." ऑडिटला मुद्दा पटला, पण घरात पंचा एकच होता. त्यामुळे बॅगेत टॉवेलही गेले आणि पंचाही गेला.

ओले कपडे परत आणायला प्लॅस्टिकच्या पिशव्या लागतात. राज्यात २०१८ साली प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा लोकांनी घरातल्या पिशव्या बाहेर काढून दिल्या. आईने आत ठेवल्या. गादीखाली घडी घालून सपाट केलेल्या त्या पिशव्यांवर आता बंद पडलेल्या साड्यांच्या दुकानांची नावं आहेत. त्यातली एकेक ती सोनाराच्या तराजूवर ठेवावी तशी मोजून देते आणि संध्याकाळी मोजून परत घेते.

आईचं बाकीचं सामान पुरचुंड्यांत होतं. ओवा, लवंगा, खडीसाखर, आलेपाक. अमृतांजनची बाटली. सेफ्टी पिनांचा जुडगा मात्र बॅगेत नव्हता. तो तिच्या हातातल्या बांगडीत कायमचा ओवलेला असतो. आणि सगळ्यात शेवटी, डब्यासकट, बीपीचं मशीन.

हिने मशीनकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "आई, एका दिवसासाठी मशीन?"

"अगं, पाळणे बघूनच माझं वर जातं." आई सगळ्या राइडना पाळणेच म्हणते.

इथे मी पुढे झालो. "असू दे गं. आईच्या तब्येतीचा प्रश्न आहे." नुसतं एवढंच नाही, मशीनचे सेलही मी नवे घालून दिले आणि चार जादा सेल बाजूच्या कप्प्यात ठेवले. ही चकित झाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी कुणाच्या सामानाला इतक्या प्रेमाने जागा दिलेली तिने पाहिली नव्हती. आदल्या दिवसापासून मी एकही वस्तू नाकारली नव्हती. माझी टॉर्च गेली त्याचं दुःख मी आईचा छत्रीचा जोड घेऊन भरून काढलं.

आता कारण सांगायला हरकत नाही. उद्यानात सामान ठेवायला लॉकर असतात. मी फोन करून लॉकरची लांबी-रुंदी विचारून घेतली होती. नंतर मोजपट्टीने सॅक मोजली. सॅक तिच्या मूळ आकारात लॉकरमध्ये सहज बसत होती, हीच अडचण होती. बॅग लॉकरमध्ये बसली की सगळे मोकळे, आणि सगळे मोकळे म्हणजे त्यात मीही आलो. पण बॅग जर बसली नाही, तर तिच्यापाशी कुणीतरी बसावं लागतं. घरातला एक जबाबदार माणूस.

मला उंचीची भीती वाटते असं नाही. आमच्या सात मजली सोसायटीच्या गच्चीवर मी पापड वाळत घालायला जातो. पण चिरंजीवांनी मला जेवताना सांगितलं होतं, "बाबा, रोलर कोस्टरला इंजिन नसतं माहितीय? साखळीने वर ओढतात आणि सोडून देतात." मुलगा शास्त्रीय सत्यच सांगत होता. वरून सुटली की पुढची सगळी धाव नुसत्या गुरुत्वाकर्षणावर. पण त्यातलं 'सोडून देतात' माझ्या घशात अडकलं ते आमटीनेही खाली गेलं नाही.

रात्री अकराला बॅग बंद करायचा कार्यक्रम झाला. मेणबत्ती घासली. हिने कडा धरल्या, मी गुडघा दिला, चिरंजीवांनी वर बसून घेतलं. चेन लागली. मी मोजपट्टी घेऊन बाथरूमला जायच्या निमित्ताने उठलो आणि येताना बॅगेची जाडी मोजून आलो. लॉकरपेक्षा चार बोटं जास्त भरली. मला शांत झोप लागली.

पहाटे साडेपाचला मेहुणा आला. माझा मेहुणा हा 'माझं काही सामान नाही' पंथातला आहे. दोन्ही हात खिशात घालून तो येतो आणि आमच्या बॅगेकडे बघून म्हणतो, "दाजी, स्थलांतर करताय का?" मग गाडीत बसल्यावर पाकीट टोचतं म्हणून ते माझ्याकडे देतो. गॉगल लावून डोकं दुखतं म्हणून गॉगल देतो. बाइकची किल्ली, इअरफोन, चिंगम, सुटे पैसे, आणि टोलनाक्यापर्यंत येईस्तो त्याने त्याचं जाकीट काढून बॅगेच्या पट्ट्यांत अडकवलेलं असतं. त्याचं सामान त्याच्याजवळ कधीच नसतं, त्यामुळे तो म्हणतो ते खोटं नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर "एक्स्ट्रा टॉवेल आहे का कुणाकडे?" असं सगळ्यात आधी विचारणारा तोच. मी मात्र त्या दिवशी त्याच्यावर खूश होतो. जाकिटाने आणखी दोन बोटं वाढवली होती.

खाण्याचं सांगायचं राहिलं, कारण ते सॅकमध्ये नव्हतंच; त्याला स्वतंत्र पिशवी होती. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत हे आम्हाला माहीत होतं. आईलाही माहीत होतं. पण तिच्या मते तो नियम बाहेरच्या खाद्यपदार्थांसाठी होता आणि हे घरचे होते. फ्लोरिडात राहणाऱ्या माझ्या आतेबहिणीने आदल्या रात्री ग्रुपवर लिहिलं होतं की डिस्नेच्या तिथल्या उद्यानांत घरचं खाणं खुशाल नेऊ देतात, फक्त काचेच्या बरण्या नकोत. बंदी असेल तर ती सेल्फी स्टिकवर, २०१५ पासून. ते वाचल्यापासून आईच्या मनात अमेरिकेविषयी एकदम आदर दाटून आला होता. "बघा, तिकडे माणसाला जेवू देतात आणि फोटो काढू देत नाहीत. असं पाहिजे."

तर पार्किंगमध्ये आम्ही डिकी उघडून जेवलो. सकाळी पावणेनऊला. शेजारच्या गाडीतले लोकही तेच करत होते, पलीकडच्याही. त्या पूर्ण रांगेत डिक्या वर, स्टीलचे डबे उघडे, आणि माणसं उभ्या उभ्या थालीपीठं, धपाटे, पुऱ्या संपवतायत, कारण आता पोटात नेलं तेवढंच आत जाणार होतं. एका काकांनी दुरून आम्हाला शेंगदाण्याच्या चटणीची पुडी दाखवली, आम्ही त्यांना लिंबाच्या लोणच्याची फोड दाखवली, सौदा झाला. लेक म्हणाली, "बाबा, आत गेल्या गेल्या लोक उलटे लटकणार आहेत ना? मग हे आत्ता का खातायत?" यावर कुणी काही बोललं नाही. मेहुण्याने चौथं थालीपीठ घेतलं.

दाराशी तपासणी. टेबलापलीकडे वॉचमन, पोरसवदा, निळा शर्ट. त्याने सॅकची चेन ओढली, ती अर्ध्यावर अडकली. "मेणबत्ती आहे का?" असं मी विचारल्यावर तो जरा बिचकला. शेवटी उरलेल्या फटीतून त्याने हात घातला आणि एकेक वस्तू बाहेर काढत गेला. डायनोसॉर. टॉवेल. टॉवेल. पंचा. पंचा त्याने उजेडात धरून बघितला. बीपीचं मशीन. पुरचुंड्या. त्याने लवंगांची पुरचुंडी उघडली, हुंगली आणि परत तशीच बांधली, गाठही तशीच मारली. आणि तळाशी, साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत, त्यावर फडकं, त्यावर रबर, असा चपटा डबा निघाला.

"आजी, खाणं अलाउड नाही."

"औषध आहे."

त्याने डबा उघडला. तीन थालीपीठं आणि लोणी.

"गोळीच्या आधी खावं लागतं बाळा. डायबेटिस आहे मला. तुमच्याकडे आत काय मिळतं? पिझ्झा." पिझ्झा हा शब्द आईने अशा आवाजात उच्चारला की त्या पोराचीच साखर खाली गेली असावी. औषधं आणि तान्ह्या बाळाचं खाणं नेऊ देतात, असा नियमच आहे; थालीपीठ औषधात बसतं की नाही एवढाच काय तो प्रश्न. त्याने इकडेतिकडे बघितलं, डब्याला रबर लावलं, डबा आत सरकवला आणि म्हणाला, "माझ्या आजीलापण आहे." मागे उभी असलेली बाई लगेच म्हणाली, "मलापण डायबेटिस आहे हो," पण तिच्या पिशवीतून वेफर्स डोकावत होते.

लॉकरचं सगळं माझ्या योजनेप्रमाणे पार पडलं. मेहुण्याने बॅग आडवी घालून बघितली, उभी घालून बघितली, तिरकी घालून बघितली. मी कपाळाला आठ्या घालून म्हणत होतो, "अरे, बसेल, बसायला पाहिजे." लॉकरवालीने सुचवलं, दोन लॉकर घ्या आणि सामान विभागून ठेवा. माझ्या काळजाचा ठोका चुकला. पण दोन लॉकरचं भाडं आणि दोन डिपॉझिटं म्हटल्यावर ऑडिटने नकार दिला. त्या क्षणी मला हिच्याविषयी जे वाटलं ते लग्नात अंतरपाट दूर झाल्यावरही वाटलं नव्हतं.

"मग बॅगेपाशी कोण बसणार?" ही म्हणाली.

"मी बसतो," मी म्हणालो. जरा खोल श्वास घेऊन, त्यागी स्वरात. "तुम्ही जा. मजा करा."

सगळ्यात मोठ्या रोलर कोस्टरच्या समोर कडुनिंबाच्या सावलीत एक लांब बाक आहे. तिथे बॅगवाल्यांचा कट्टा असतो. प्रत्येक उद्यानात असतो. तुम्ही कधी बसला नसाल तर तुम्ही शूर आहात किंवा तुमच्या घरात दुसरं कुणी बसत असेल. नाशिकचे एक आजोबा नऊ जणांच्या चपला सांभाळत होते आणि त्यांनी त्या जोडीजोडीने लावून ठेवल्या होत्या. जयसिंगपूरकडचे एक गृहस्थ होते, त्यांच्या बॅगेतून भडंगाचा वास येत होता. तो आत कसा आला हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आणि एक नवा जावई होता. लग्नानंतर सासरच्यांबरोबरची पहिलीच सहल. सासूबाईंची, दोन मेहुण्यांची, बायकोची आणि बायकोच्या मावशीची, अशा पाच पर्स त्याच्या दोन्ही खांद्यांवर होत्या आणि मांडीवर कुणाचा तरी मेकअपचा डबा.

"तुम्ही नाही गेलात?" मी विचारलं.

"मला भीती नाही वाटत तशी," तो म्हणाला, "पण कुणीतरी बसायला हवं ना."

आजोबा म्हणाले, "बरोबर आहे." जयसिंगपूरकरही म्हणाले, "कुणीतरी बसायलाच हवं." वरून एक गाडी किंचाळ्यांसकट गेली. आम्ही चौघांनी खाली, आपापल्या बॅगांकडे बघितलं.

आई माझ्या शेजारी येऊन बसली होती. तिच्या पुरचुंड्या उघडल्या, आलेपाकाची वडी फिरली आणि अर्ध्या तासात बीपीचं मशीन बाहेर आलं. कुठल्याही घोळक्यात आई ते काढतेच. आधी आजोबांचं मोजलं. पट्टा फुगला, घर्र आवाज झाला, आकडा आला. "दीडशे. मीठ कमी करा, आणि त्या चपलांकडे वाकू नका सारखे." मग जयसिंगपूरकर. मग शेजारच्या बाकावरच्या दोन बायका. मग झाडूवाल्या मावशी. बघता बघता रांग लागली. समोरच्या रोलर कोस्टरपेक्षा लहान, पण जास्त गंभीर. आई प्रत्येकाला आकडा सांगत होती आणि शिवाय एक पथ्य.

इतक्यात आमची मंडळी उतरून आली. चिरंजीवांचे केस उभे, चेहरा लाल, बुटातून माझे मोजे बाहेर आलेले. पट्टीला डोकं लागलं होतं म्हणे. लेकीचा आवाज बसला होता. मेहुणा पांढरा पडला होता आणि चारही थालीपीठांची आठवण त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

"बाबा, आता तू!"

"अरे, बॅग..."

"आजी बसलीय ना! दोघं कशाला लागतात बॅगेपाशी?"

हा मुद्दा माझ्या आराखड्यात नव्हता. मी आईकडे बघितलं. आईने बॅगेवर हात ठेवला आणि म्हणाली, "जा की. मी कुठे जातेय?" तिच्या स्वरात तोच त्याग होता. मला तो ओळखू आला; तो आमच्या घराण्यातच आहे.

मी समोरच्या पाटीकडे बोट दाखवलं. हृदयविकार, उच्च रक्तदाब, मानेचं-पाठीचं दुखणं, गरोदरपण आणि नुकतंच झालेलं ऑपरेशन, यांपैकी काही असेल तर बसू नये, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. "मला सकाळपासून जरा गरगरतंय," मी म्हणालो. "बीपी असावं."

कट्ट्यावर शांतता पसरली. मग आई म्हणाली, "ये इकडे. हात दे."

मी हात दिला. तिने बाही वर सारली, पट्टा गुंडाळला. मी दम रोखून धरला, मूठ आवळली, दोन्ही पाय जमिनीत रोवले, सहामाहीचा पेपर डोळ्यांसमोर आणला. "मूठ सोड," आई म्हणाली. "श्वास घे. शाळेत असताना थर्मामीटर चहात बुडवायचास, ते मला माहीत आहे." पट्टा फुगला, घर्र झालं. आजोबा वाकले, जयसिंगपूरकर वाकले, झाडूवाल्या मावशी झाडूवर हात टेकून उभ्या राहिल्या.

मेहुण्याने आकडा मोठ्याने वाचला. "एकशे बावीस, ऐंशी! दाजी, हे तर पुस्तकातलं बीपी आहे!"

"जा," आई म्हणाली. तिने बांगडीतून दोन पिना काढल्या, एका पुरचुंडीची दोरी सोडून माझ्या चष्म्याच्या दोन्ही काड्यांना बांधली आणि डोक्यामागून घट्ट करून वर पिना लावल्या. माझ्या गळ्यातलं पाऊच, त्यात मेहुण्याचं पाकीट, गॉगल आणि किल्ली, सगळं काढून घेऊन बॅगेवर ठेवलं. मग तिने बाकाच्या टोकाकडे बघितलं. "जावईबापू, तुम्हीपण या. हात पुढे करा."

त्याचं एकशे अठरा भरलं. त्याच्या पाच पर्स आईने आपल्या दोन्ही बाजूंना मांडून ठेवल्या.

आम्ही दोघं रांगेत उभे राहिलो. लोखंडी कठड्यांच्या वळणावळणाच्या वाटेत एक पाटी होती, इथून पुढे ४५ मिनिटं. डोक्यावरून साखळीचा खडखडाट ऐकू येत होता, मग तो थांबे, मग किंचाळ्या. जावयाने कपाळावरचा घाम पुसला आणि माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "दादा, काकूंच्या त्या मशीनचे सेल कधी बदललेत? जुने असले की आकडा चुकतो म्हणतात."

"काल रात्री," मी म्हणालो. "मीच. आणि चार जादा आहेत."